पिवळ्या मोज्यांचा पिपाणीवाला

माझ्या फडताळात एक परकं ताट शिरलं होतं.

ईस्टरच्या आधी मी सगळी भांडी खाली घेऊन धुते. माझ्या मैत्रिणीच्या, नेटाच्या भाच्यानं शिडीवर चढून वरच्या फळीवरची एकेक वस्तू माझ्या हातात दिली आणि तो गेला. कोंबड्याचं ताट पुसताना माझा अंगठा काठावरून फिरला आणि तिथंच थांबला. फ्रान्सची ही मातीची भांडी, फायाँस म्हणतात त्यांना, फार ठिसूळ. वर दुधासारखी पांढरी झिलई, तिच्यावर हातानं काढलेले कोंबडे, फुलं, माणसं. काठाला जरा कुठं लागलं की टवका उडतो आणि आतली विटकरी माती दिसते. टवका नसलेलं फायाँस मी लिलावात घेतच नाही. इतक्या वर्षांत ज्याला कोणाचा धक्का लागला नाही, ते बहुतेक गेल्या महिन्यात जन्मलेलं असतं.

माझ्या कोंबड्याला शेपटीच्या वर एक टवका आहे. याही ताटाला तिथंच होता. पण कडा बोटाला टोचत होती. जुना टवका हाताळून हाताळून गुळगुळीत होतो. मग मी त्याला जीभ लावली. हसायचं असेल तर हसा, पण कोरी माती जिभेला चिकटते आणि मुरलेली चिकटत नाही. ही चिकटली. वर चहाची चव आली!

म्हणजे कोणीतरी माझं ताट उचलून तसंच दुसरं आणून ठेवलं होतं, माझ्या टवक्याच्या जागी कानशीनं टवका पाडला होता आणि चहा लावून तो जुना केला होता. घरात माणसं दोनच, मी आणि माझा नवरा डूगल. मनात पाल चुकचुकली.

"डूगल, हा कोंबडा कोणी खाली घेतला होता का?"

"पुसायला मीच घेतो की," तो पेपरातून मान वर न करता म्हणाला. "वरची फळी माझ्याकडेच आहे ना? तू शिडीशी काडीमोड घेतल्यापासून."

"मग यंदा नेटाच्या भाच्याला कशाला बोलवायला लावलंस?"

"पाठ धरली होती."

पाठ! सकाळी हाच माणूस कोळशाची पोती हलवत होता. पोस्टाच्या खिडकीमागे माझं आयुष्य गेलं आहे. गावात कोणाचं लग्न मोडणार ते नवरा-बायकोच्या आधी मला कळायचं. खोटं बोलणारा माणूस कारण सांगतो आणि लगेच पेपराचं पान उलटतो. डूगलनं पान उलटलं.

मग मी मागचं एकेक आठवायला बसले. डूगल बोटींवर नावं रंगवायचा. आमच्या कर्कूब्री गावच्या धक्क्याला लागणाऱ्या किती बोटींची अक्षरं त्याच्या हातची. पट्टी नाही, दोरी नाही. ओहोटी लागली की चिखलात फळी टाकून उभा राहायचा आणि एका दमात अक्षर ओढायचा. गेल्या हिवाळ्यात त्यानं कुंचले देऊन टाकले. पुरे झालं म्हणाला. मला वाटलं, बरं झालं, आता घरात बसेल. बसतोय कुठला! बागेतल्या खोपटात जाऊन फोनवर कुजबुजायला लागला. मी चहा घेऊन गेले की, "बरं, ठेवतो."

मग दाढी आली. जन्मभर गुळगुळीत चेहऱ्यानं वावरलेल्या माणसाला सत्तरीत दाढी! मग वेगळी खोली, कारण म्हणे मी घोरते. मग सूप बंद, कारण वजन उतरवायचंय. रविवारी चर्चमध्ये स्तोत्र म्हणताना आम्ही एकाच पुस्तकात बघतो, एक बाजू त्याच्या हातात, एक माझ्या. तेही बंद. हात कोटाच्या खिशात, नजर खिडकीकडे. मला त्या दिवशी स्तोत्र म्हणवलं नाही.

हे सगळं मी नेटाला सांगितलं. तिथंच चुकलं म्हणा, पण सांगितलं नसतं तर माझं पोट फुगलं असतं. नेटाचं लोकरीचं दुकान आहे, आणि गावातली कुठलीही गोष्ट त्या दुकानातून विणून बाहेर पडते.

"ग्रिझेल, अगं, याला म्हातारचळ म्हणतात," नेटा सुया न थांबवता म्हणाली. "दाढी, वेगळी खोली, नवे स्वेटर!"

"स्वेटर तुझ्याच दुकानातले आहेत."

"म्हणूनच सांगते ना! शर्ट नकोत म्हणाला. बटणं नकोत. डोक्यातून घालता-काढता आलं पाहिजे म्हणाला."

"मग?"

"मग काय मग? पटकन काढता आलं पाहिजे."

"नेटा, लाज बाळग जरा!"

"मी कशाला बाळगू? तो बाळगतोय का बघ." तिनं आवाज खाली आणला. "परवा तो पलीकडच्या कॅसल डग्लस गावात मॉयराबरोबर दिसला. तिनं त्याला कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिलं, आणि यानं ते बाळासारखं छातीशी धरलं. आणि आला कशानं माहितेय? बसनं. दारात गाडी असताना बसनं! गाडी लोकांच्या ओळखीची असते ना."

मॉयरा म्हणजे लिलावघरवाली. पन्नाशीची, नवरा गेलेला, केस तांबडेलाल आणि ते देवानं दिलेले नव्हेत. आमचं अर्धं घर तिच्याच लिलावातून आलंय. माझं फ्रान्स आणि डूगलचं स्कॉटलंड, अशी आमच्या भिंतींची वाटणी आहे. फडताळ माझं, चित्रं त्याची. आमच्याच गावात राहून गेलेल्या नॅन मिलिगन नावाच्या बाईनं काढलेलं बंदराचं एक चित्र त्यानं तिथूनच आणलं, धुरानं तपकिरी झालेलं. ते तो घरी साफ करायचा, थुंकीनं. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि नखाएवढ्या जागेत हलकेच फिरवायचा. संग्रहालयातले मोठमोठे लोकही असंच करतात म्हणे. मळ निघतो आणि खालून आकाश वर येतं. अर्धं आकाश वर आलं होतं. आता ते चित्र कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून उभं होतं. मी विचारलं तर म्हणाला, "कंटाळा आला." चित्राचा कंटाळा, सुपाचा कंटाळा. राहिलं कोण? मीच की.

कोंबड्यापाठोपाठ निळ्या फुलांची वाडगीही परकी निघाली. माझी ताटं बाहेर जात होती आणि त्यांच्या जागी तोतये येत होते. कोणाच्या घरी जात होती, हे मला आता सांगायला नको होतं. तांबड्या केसांना निळं शोभतं.

आणि मग एका सकाळी पिपाणीवाला नाहीसा झाला.

पिपाणीवाला हे माझं पहिलं ताट, फडताळाच्या वर खिळ्याला टांगलेलं. फ्रान्समधला एक शेतकरी, मोठी टोपी, पिवळे मोजे, पोटाशी कातड्याची पिशवी धरून आपल्यासारखाच बॅगपाइप फुंकतोय. लग्नाच्या वर्षी, लग्न ठरण्याआधी, आम्ही लिलावाला नुसतं पाऊस चुकवायला शिरलो होतो. मी त्याला बघून म्हणाले, "अगंबाई, तिकडचे लोकही शेजाऱ्यांना असाच त्रास देतात?" आणि डूगलनं भरल्या सभेत हात वर केला. असा वर केला की खाली घ्यायलाच विसरला. तेव्हा मी त्या हाताकडे बघितलं आणि मनात म्हटलं, ग्रिझेल, तुझं बरं चाललंय.

"पिपाणीवाला कुठाय?"

"अं? खिळा सैल झाला होता. काढून ठेवलाय."

"कुठं?"

"ठेवलाय ना. घरातच आहे." पान उलटलं.

दोन दिवसांनी मॉयराच्या पुढच्या लिलावाची यादी टपालानं आली. तिसऱ्या पानावर, टिकलीएवढ्या फोटोत, माझा पिपाणीवाला! टोपी तीच, पिशवी तीच. कोंबडा गेला, वाडगी गेली, तोवर मी रागावले होते. आता मात्र रडूच आलं. जे ताट देऊन त्यानं मला मागणी घातली, ते ताट विकून तो मला सोडणार होता. दुसरा अर्थ काय काढायचा माणसानं?

लिलावाच्या दिवशी डूगल दाढी विंचरून निघाला. "डंफ्रीजला दाताच्या डॉक्टरकडे जातोय."

"जा हो. नीट दाखव," मी म्हणाले. त्याची बस वळणाआड गेली आणि नेटाची गाडी दारात आली.

"ताट परत घ्यायचं आणि तिथंच, सगळ्यांसमोर, त्याच्या तोंडावर धरायचं," मी तिला सांगितलं.

"डोक्यावर आपटलंस तर जास्त बरं," नेटा म्हणाली. "पण आधी पैसे भरू."

मॉयराचं लिलावघर म्हणजे जुनं चर्च. बाकंही तीच. पूर्वी जिथून पाप-पुण्य सांगायचे, तिथं उभी राहून मॉयरा भाव सांगते. आम्ही मागे खांबाआड बसलो, नेटाची मोठी टोपी माझ्या डोक्यावर. डूगल पुढून दुसऱ्या बाकावर होता. बोली लावायची नंबराची पाटी तो कधीच वर करत नाही. जुन्या लोकांची तऱ्हाच वेगळी. कोणी भुवई उचलतो, कोणी चष्मा काढतो. डूगल यादीची गुंडाळी गुडघ्यावर धरतो आणि तिचं टोक जरासं उडवतो. मॉयराला तेवढं पुरतं. बघा, एकमेकांची बोटंसुद्धा ओळखतात, मला वाटलं.

आधी चित्रं निघाली. दार झाकेल एवढं एक चित्र आलं, धुक्यातला डोंगर आणि केसाळ गायी. असली चित्रं डूगलला बघवत नाहीत. गायींनी स्कॉटलंडच्या चित्रकलेचा चारा केला, असं तो म्हणतो. बोली रेंगाळली. मॉयरानं पुढं बघितलं, मान डोलावली, पुन्हा बघितलं, पुन्हा डोलावली, आणि हातोडी आपटली. "डूगल! अभिनंदन हो."

डूगलनं दचकून तोंड उघडलं. मग मिटलं.

"गायी घेतल्या यानं!" नेटा माझ्या कानात म्हणाली. "नव्या घराच्या भिंती मोठ्या दिसतायत."

इतक्या वर्षांत माझ्या नवऱ्याची आवड मला कळलीच नव्हती की काय? की त्या बाईसाठी माणूस गायीसुद्धा गोड मानून घेतो?

मग ताट आलं. मॉयरानं भाव पुकारला आणि पहिली बोली डूगलची.

"अगं, विकतोय तोच आणि घेतोय पण तोच?" मी म्हणाले.

"भाव चढवतोय! दोघांची मिलीभगत आहे. तू उचल पाटी."

मी पाटी उचलली. डूगलची गुंडाळी हलली. मी पुन्हा उचलली. गुंडाळी पुन्हा हलली. लोक माना वळवून बघायला लागले. टवका उडालेल्या एका ताटासाठी एवढी चुरस कोणी बघितली नव्हती. माझ्या कानशिलातून वाफा निघत होत्या. घे, म्हटलं, चढव किती चढवतोस ते, आज घर विकायला लागलं तरी बेहत्तर.

"ताट जरा मागच्यांना दाखवा," मॉयरा म्हणाली. तिचा माणूस ते दोन्ही हातांत उंच धरून बाकांमधून मागे आला. आमच्या खांबापाशी आला आणि मी नीट बघितलं.

मोजे निळे होते.

कारखान्यात बायका एकेक ताट हातानं रंगवायच्या. दोन पिपाणीवाले कधी सारखे नसतात. माझ्याचे मोजे पिवळे. हे ताट माझं नव्हतं. तो माझं ताट विकत नव्हता. मग घेत का होता? माझी पाटी मांडीवर आली.

"डूगलकडे बोली आहे," मॉयरा म्हणाली. "आणखी कोणी? ... बरं, वाढवली. ... पुन्हा? अहो डूगल, बोली तुमचीच आहे! स्वतःच्याच बोलीवर काय बोली चढवताय?"

सगळं सभागृह हसलं. नेटा तर खिंकाळलीच. डूगलची मान लाल झाली. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं आणि मांडीवर दाबलं. तरी यादीचं टोक हलतच होतं, टकटक, टकटक, पुढच्या बाकाच्या पाठीवर. मागून मला ते स्वच्छ दिसत होतं. त्याच्या खांद्यापर्यंत हलत होतं.

मी त्या हाताकडे बघत राहिले आणि सगळं एकेक करून जागेवर बसलं. वस्तरा. बटणं. सुपाचा चमचा. गाडीचं स्टिअरिंग. स्तोत्राचं पुस्तक. कापसाची काडी. कुंचले. वेगळी खोली. गायी. आणि वरच्या फळीवरून पुसायला काढलेली, हातातून निसटलेली माझी ताटं.

"अगं, उचल ना पाटी! जिंकतोय तो!" नेटानं मला कोपरानं ढोसलं.

"जिंकू दे," मी म्हणाले. "आणि गप्प बस, नेटा. आयुष्यात एकदा तरी गप्प बस."

त्याच्या आधी मी घरी पोचले. सूप गरम केलं. वाडगा काढला, परत ठेवला, आणि दोन कानांच्या मोठ्या मगात सूप ओतलं, अर्ध्यापर्यंत. डूगल आला तो उजवा हात खिशात आणि डाव्या काखेत कागदाची पुडी घेऊन.

"दात कसा आहे?"

"बरा आहे."

"आणि गायी?"

तो दारातच उभा राहिला. मग त्याला टेबलावरचा मग दिसला. मगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खुर्ची ओढून बसला.

"मागून पाटी वर करणारी टोपीवाली... ती तू होतीस?"

"मीच."

"ग्रिझेल! तुझ्यापायी मला ते सोन्याच्या भावात पडलं!"

"मला वाटलं, बाई आहे."

"कुठं?"

"तुझ्या आयुष्यात! मॉयरा!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "बाई? अगं, मला मोज्यात पाय घालता येत नाही." आणि हसायला लागला, आणि हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला.

"हात दे," मी म्हणाले.

"कुठला?"

"गेले कित्येक महिने लपवतोयस तो."

त्यानं तो खिशातून काढून टेबलावर ठेवला. मी दोन्ही हातांनी धरला. माझ्या हातांतही तो थांबला नाही.

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"हिवाळ्यात. वाढत जाणार म्हणाले."

"आणि मला कधी सांगणार होतास? फडताळ रिकामं झाल्यावर?" मला इतका राग आला होता, आणि इतकं रडू, की कुठलं आधी बाहेर काढावं कळेना. "ताटं होती ती, डूगल! पोरं नव्हेत! फुटली तर फुटली!"

"पिपाणीवालाही फुटला, ग्रिझेल. तुकडे बिस्किटांच्या डब्यात ठेवलेत, खोपटात. टाकवेनात." त्यानं पुडीकडे बघितलं. "याचे मोजे निळे आहेत. म्हटलं, वर टांगलं की तुला कुठं दिसतायत."

"टवकाही पाडणार होतास का चहा लावून?"

"जीभ लावलीस?" त्यानं डोळे मिटले. "वाटलंच होतं मला, तू जीभ लावशील."

"सांगितलं का नाहीस?"

तो मगाच्या दोन्ही कानांना धरून बसला. "सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, शिडीवर चढू नको. मग म्हणाली असतीस, धक्क्यावर जाऊ नको. आणि तुझं बरोबरच असतं. मग मी काय करायचं सांग? मला हातानं करायचंच येतं गं, दुसरं काही येत नाही."

मी उठले, भिंतीकडे तोंड केलेलं ते बंदराचं चित्र आणलं आणि टेबलावर आडवं ठेवलं. अर्धं आकाश निळं, अर्धं तपकिरी. मी काडीला कापूस गुंडाळला आणि त्याच्या तोंडासमोर धरला.

"थुंक."

"काय?"

"थुंकी तुझी, हात माझा. काय आणि कसं करायचं ते तू सांगायचंस. आणि उद्या सगळी ताटं खालच्या फळीवर येणार, मग पूस हवी तेवढी."

"तुझा हात जड आहे," तो म्हणाला. "पीठ तिंबायचा हात तो. चित्राचं वाटोळं करशील."

"मग नीट सांग की!"

त्यानं कापूस जिभेवर ओला केला. मी वाकून नखाएवढ्या जागेत फिरवायला लागले. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. "दाबू नकोस. गोल फिरव. ढगाच्या कडेला थांब, थांब म्हटलं ना!" कापूस तपकिरी झाला. खालून जरासं निळं वर आलं.

बघता बघता त्याचा उजवा हात माझ्या खांद्यावर आला. लपवायचं तो विसरला होता की त्यानं सोडून दिलं होतं, कोण जाणे. हात हलत होता, आणि त्याच्याबरोबर माझा खांदाही हलत होता. मी काडी चित्रावरून उचलली.

"ही बोली समजू का?" मी विचारलं.

"समज," डूगल म्हणाला.